सपाट रेघ

"परवानगीशिवाय तारेला हात लावणारा माणूस नाही तो, मॅडम," लाइनमन अंकुशची बायको शर्मिला म्हणाली. "अंकुशचे दोन्ही हात भाजलेत. आणि कंपनी म्हणते, चूक त्याचीच. पोलिसात देणार आहेत त्याला."

खासगी गुप्तहेर राजलक्ष्मी तोरणे सानपाड्याच्या ऑफिसातून तडक निघाल्या. सोबत सहायक नंदकिशोर.

उरण रस्त्यावरच्या गोदामांना वीज पुरवणाऱ्या उपकेंद्रात इंजिनिअर मितेशनं एक प्रिंट पुढं केली. बिघाड झाला की तिथला फॉल्ट रेकॉर्डर लाइनमधल्या करंटची रेघ आपोआप नोंदवतो.

"अपघात अकरा बेचाळीसला. कामाची परवानगी अकरा पन्नासला. तोवर लाइन फुल लोडवर चालू होती," मितेश म्हणाला. "अंकुशनं घाई केली."

नंदकिशोरनं प्रिंट निरखली. "आधी सपाट रेघ, मग एकदम डोंगर. कोपऱ्यात लिहिलंय, 'ब्रेकर क्लोज: रिमोट'."

ऑपरेटर हौसेराव पॅनेलपाशी उभे होते.

"पन्नासला मीच लाइन बंद केली, ह्या बटणानं. मग अंकुशला परवानगीचा कागद दिला. परत बटणाला हात लावला न्हाई."

"रिमोट म्हणजे?" राजलक्ष्मींनी विचारलं.

"मितेश सायबांच्या केबिनमधला कॉम्प्युटर. पासवर्ड त्यांच्याकडंच."

"हाच खोटं बोलतोय," नंदकिशोर बाहेर येताच कुजबुजला. "बटण तर ह्याच्याच हाताशी आहे."

राजलक्ष्मींनी शेजारच्या उपकेंद्राला एक फोन केला. मग मितेश आणि हौसेराव, दोघांनाही केबिनमध्ये बसवलं.

"मितेश, बेचाळीसला लाइन लोडवर होती, तर झटक्याआधीची रेघ सपाट कशी? चालू लाइनची रेघ लाटेसारखी असते. सपाट म्हणजे लाइन बंद होती. 'ब्रेकर क्लोज' म्हणजे लाइन चालू करणं; अंकुश तारेपाशी असताना ती कुणीतरी चालू केली. हौसेरावांनी केली असती, तर नोंद 'रिमोट' नाही, 'लोकल' आली असती."

"पण वेळ..."

"वेळ तुम्ही बदललीत. रेघ बदलायची राहिली. त्या झटक्यानं शेजारच्या उपकेंद्रातही व्होल्टेज पडलं. तिथल्या रेकॉर्डरवर वेळ आहे अकरा सत्तावन्न. दोन्ही यंत्रांची घड्याळं उपग्रहावरून चालतात, मितेश. पंधरा मिनिटांचा फरक पडत नाही."

मितेशनं चेहरा ओंजळीत लपवला. "वीज चालू करा म्हणून कोल्ड स्टोरेजवाले सारखे फोन करत होते. मला वाटलं, अंकुशचं काम झालं असेल."

"विचारायचं तरी, सायेब," हौसेराव म्हणाले. "दहा पावलांवर हुतो मी."

संध्याकाळी हॉस्पिटलात शर्मिलानं अंकुशला सगळं सांगितलं.

"सगळे एकच बोलत होते ना," तो म्हणाला. "मलाच वाटायला लागलेलं, की मी कागद न घेताच चढलो."