उजेडाच्या वाटेवरचा राग

“लेकीची गं येते हाक, वाऱ्याचिया पावलांनी;
माय धावत येईल, उजेडाच्या वाटांनी...”

आईच्या तोंडची ही ओवी शाल्मलीने फार पूर्वी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली. पुढची ओळ मात्र काही केल्या आठवत नसे. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज तर तिला ती ओवीच खोटी वाटत होती. शनीच्या एका चंद्रावर काम करणाऱ्या आईचा निरोप आला होता : यान बिघडलंय, परत यायला आणखी एक वर्ष लागेल. शाल्मली माइकमध्ये किंचाळली, “मग तिथेच राहा! मला आई नकोच!” आणि तिने बटण दाबलं.

निरोप गेला. तिने घाईने तेच बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

“ठोंब्या, परत बोलाव तो निरोप!” ती घरातल्या यंत्रमानवावर ओरडली.

“गेलेला उजेड मागे फिरत नाही, शालूबाई.”

“उजेड कसला? मी आवाज पाठवला!”

“त्याचे मी रेडिओतरंग (डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण उजेडाच्याच जातीच्या लहरी) केले. शनीपर्यंत सव्वा तास.”

“मग दुसरा निरोप त्याहून जोरात पळव!”

“त्याहून जोरात काहीच पळत नाही. ती विश्वाची वेगमर्यादा (कुणालाच ओलांडता न येणारा वेग).”

“कुणी घातली मर्यादा? त्याला बोलाव इकडे!”

तिने टेबलावरची बॅटरी उचलून पेटवली. मनगट हललं, उजेडाचा ठिपका या भिंतीवरून त्या भिंतीवर. “बघ! भिंती शनीइतक्या लांब असत्या, तर हा ठिपका उजेडाला हरवून पळाला असता. बसव याच्यावर माझा निरोप!”

“पळाला असता, खरंय. पण त्याच्यावर बसायला जागा नाही. या भिंतीवर पडलेला उजेड वेगळा, त्या भिंतीवरचा वेगळा. दोन्ही तुझ्या बॅटरीतून निघाले आणि आपापल्या भिंतीकडे सरळ गेले. या भिंतीची बातमी त्या भिंतीला कुणीच नेली नाही.”

“डबड्या! तुला आई असती म्हणजे कळलं असतं!” तिने बॅटरी भिरकावली.

ठोंब्याने ती उचलून पुसली. “मलाही तुझ्या आईनेच बनवलंय,” तो म्हणाला. “ऐक. दुसरा निरोप पहिल्याला गाठणार नाही, पण आणखी मागेही पडणार नाही. दोघांचा वेग एकच. म्हणजे तुझे ते शब्द ऐकून आई किती वेळ एकटी बसून राहील, ते उजेड नाही ठरवत. तू ठरवतेस. आत्तासुद्धा तो वेळ वाढतोय.”

शाल्मली माइककडे धावली.

“आई, मी रागावलेलीच आहे. खूप! पण ते ‘नकोच’ खोटं होतं. यान नीट दुरुस्त कर, वर्ष लागू दे. आणि... तुझ्या ओवीची पुढची ओळ मला आठवत नाही गं. कधीचीच. ती सांगायला ये.”