बेरीच्या सरबताचा एकच पेला

सिक्स्टेनचं सोलर पॅनल अर्ध्या पगाराचं होतं. यालमारचं जुन्या बाजारातलं, एका कोपऱ्यात भाजल्यासारखा डाग पडलेलं. पाठपिशव्यांवर आपापली पॅनलं बांधून दोघं मित्र स्वीडनच्या उत्तर टोकाला, आबिस्को गावाकडे चालले होते. जुलैचा सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता, पण सलग चार दिवस धुकं. सिक्स्टेनचा फोन अकरा टक्क्यांवर रेंगाळून मेला. यालमारचा मात्र शंभर टक्के भरलेला.

"माझ्याला धुकं मानवतं," यालमार म्हणाला.

खिंडीत रेंज आली की तो इल्वाला फोन लावायचा. इल्वा आबिस्कोला दोघांची वाट बघत होती. कुणाची जास्त, ते अजून ठरायचं होतं. यालमार बोलायचा, ती हसायची, आणि सिक्स्टेन चार पावलांवर उभा राहून बुटाची नाडी सोडायचा आणि बांधायचा.

मुक्कामाच्या केबिनीत येणाऱ्याच्या हाती बेरीचं गरम सरबत द्यायची तिकडे रीत. तिथल्या बाईंनी एकच पेला आणला, सिक्स्टेनसाठी.

"आणि मला?" यालमारने विचारलं.

बाई दचकल्या. "अगंबाई! तू कधी आलास?"

दुसऱ्या केबिनीतही तेच. सिक्स्टेनला ते फार आवडलं.

तिसऱ्या मुक्कामी यालमार केबिनीबाहेरच्या वाफेच्या खोलीत बसायला गेला, तेव्हा सिक्स्टेनने पॅनलं बदलली. सकाळी यालमारला कळलं. भांडण होईल असं वाटलं होतं.

"घे बाबा," तो म्हणाला. "पाठ हलकी झाली."

दुपारपर्यंत सिक्स्टेनचा फोन शंभरावर गेला. मग एकशेचार. बिघाड असेल, पण असा बिघाड कुणाला नको असतो? यालमारच्या गालांवर रंग आला होता. तो शीळ वाजवत पुढे चालत होता. सिक्स्टेनच्या हाकांना ओ देईना. रागावलाय, झालं.

चौथ्या केबिनीच्या पायरीवर एक म्हातारा उभा होता. हातात एकच पेला.

"एकटाच आलास, पोरा?"

यालमारने मागे वळून पाहिलं. सरळ सिक्स्टेनकडे.

"हो," तो म्हणाला. "एकटाच."

"यालमार, पुरे झाली थट्टा!" सिक्स्टेन ओरडला.

म्हातारा धुक्याकडे बघत म्हणाला, "वारा सुटला वाटतं."

सिक्स्टेन आत जाऊन बाकावर बसला. पॅनलचा एक बंद त्याने सोडला. ते काढून परत देऊन टाकायचं, बस.

पण मग यालमारचा फोन भरेल. इल्वा हसेल.

त्याने बंद पुन्हा आवळला आणि इल्वाला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"इल्वा, मी सिक्स्टेन. ऐक—"

"हॅलो? हॅलो?" मग जरा दुरून, कुणाला तरी, "कुणीच नाहीये गं."

फोनवर एकशे सेहेचाळीस टक्के.

यालमार शीळ घालत आत आला. त्याने ओली पाठपिशवी काढली आणि बाकावर ठेवली, सिक्स्टेन बसला होता तिथेच.

ती बाकावर सपाट टेकली.