मामाची ट्यूब आणि कड्यावरचा डोह

कड्यावरच्या डोहात एकदा तरी पुन्हा हात बुडवायचे, एवढ्यासाठी मामाने साठी उलटल्यावर आम्हा दोघी भाच्यांना डोंगरात ओढलं. लहानपणी तो आणि आमची आई तिथे डुंबायचे. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि मामाचे गुडघेही कुरकुरू लागले होते. "आत्ता नाही तर कधीच नाही," तो म्हणाला.

मामाचं औषधांचं दुकान होतं. कोणी अंग खाजवत आलं, की चिठ्ठीशिवाय मिळणारी मलमाची ट्यूब काउंटरवर ठेवून तो दटावायचा, "आधी गार पाण्याने धुवा, मग पातळ थर लावा. आणि खाजवू नका!" डोंगरातही त्याच्या पिशवीत खाण्यापेक्षा औषधंच जास्त. ताई चिडवायची, "मामा, डोंगर चढायचाय की दुकानाची शाखा काढायचीय?"

काटेरी झुडपं, निसरडे धोंडे, गुडघाभर पाण्याचा ओढा! मामा वळणावळणावर थांबायचा आणि आईची एकेक खोडी सांगायचा. खरं तर त्याला धाप लागलेली असायची, पण त्या खोड्या आम्हालाही हव्याच होत्या.

दुपारी शेवटची कपार आली. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता! मामाने दोर कंबरेभोवती घेतला, धोंड्याला पाय रोवले आणि दुसरं टोक स्वतःला बांधून ताई कपारीच्या अरुंद कडेवर उतरली. ती मध्यावर पोचली तोच वारा सुटला. मामाच्या डोक्यावर खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा लोंबत होत्या, आणि आमचं कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं! त्यांची बारीक कुसं त्याच्या मानेवर, हातांवर भुरभुरली.

मामा लालबुंद झाला. ताईचा पाय सटकला! दोर ताणला गेला! एवढी खाज सुटूनही मामाने दोरावरचं बोटसुद्धा हलवलं नाही.

उरलंसुरलं पाणी रुमालावर ओतून मी त्याची मान टिपली, मनगटं टिपली, मलम लावलं. तळव्यांकडे वळले तसा तो ओरडला, "तिथे नको! दोर निसटेल!"

"पण मामा, केवढी आग होत असेल!"

"होऊ दे. आधी ती पोचू दे."

ताई पोचली. "डोह दिसतोय! या लवकर!" तिची हाक आली.

मामाने हात पुढे धरून पाहिले. सुजले होते, मूठ वळत नव्हती. तो धोंड्यावर बसला. "हट्ट केला तर तुम्हालाही घेऊन पडेन. बोलव तिला माघारी," म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं. मला रडू आवरेना.

ताई परतताना दोर मी धरला. ताईने आपली बाटली डोहाच्या पाण्याने भरून आणली होती. मामाचे हात ओढून घेत तिने ते गार पाणी तळव्यांवर सोडलं. मामाने डोळे मिटले आणि हळूच हसला.

"तुमच्या आईने असेच धुतले होते माझे हात, ह्याच पाण्याने. तेव्हाही खाजकुयलीच होती! वर दटावलं होतं मला."

"काय म्हणून?"

"खाजवू नकोस!"

मामा आता नाही. दुकानात मी बसते. ट्यूबचं टोपण उघडलं की त्या दुपारचा तोच वास येतो. कोणी खाजवत आत आलं, की ट्यूब पुढे सरकवते आणि उगाचच जरा जास्त जोरात दटावते, "खाजवू नका!"