शेवटच्या माणसाच्या मागे

ही घडलेली गोष्ट आहे. खोटी वाटली तर डोनी फीनीला विचारा. तो काही सांगणार नाही, पण विचारल्यावर त्याचा चेहरा बघा.

मी एकेचाळीस वर्षं आयर्लंडमधल्या रॉसकॉमन जिल्ह्याच्या एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं. त्यामुळे आमच्या भागात माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मला मान्य आहे. पण या गोष्टीत विनोद असता, तर मी तो तेव्हाच छापून मोकळा झालो असतो.

ही रात्रीची गोष्ट नाही, त्याबद्दल माफ करा. मागच्या ऑक्टोबरातला तिसरा मंगळवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. स्वच्छ ऊन होतं. आमच्याकडे ऊन पडलं, की तेवढ्यानेच माणसाने सावध व्हायला हवं.

आम्ही तिघे सायकलींवर होतो.

पुढे डोनी. जन्मभर पोस्टमन होता, त्यामुळे जिल्ह्यातलं प्रत्येक फाटक आणि प्रत्येक कुत्रा त्याला नावाने ठाऊक. मध्ये मी, कोलमन. आणि सगळ्यात शेवटी मॅलॅकी, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा.

मॅलॅकीला शेवटी मीच ठेवलं होतं.

वसंतात त्याच्या हृदयात स्टेंट घातला होता. निघताना माझ्या बहिणीने, अ‍ॅट्रॅक्टाने, मला दारात गाठलं.

"त्याला पुढे घालू नकोस. वाऱ्याला छाती देऊन मरेल तो."

"माझ्या पाठीमागे ठेवतो. माझ्या पाठीमागे वारा लागेल, अशा रुंदीचा माणूस मी राहिलेलो नाही."

"चेष्टा नको, कोलमन. जसा नेतोयस तसा परत आण."

"आणतो," मी म्हणालो.

एवढंच काम होतं माझ्याकडे.

आमचा क्लब एके काळी तीस जणांचा होता. रांगेत चालवायची शिस्त तेव्हाची. पुढच्याला खड्डा दिसला की तो ओरडणार, "खड्डा!" मागचा तेच म्हणणार, त्याच्या मागचा तेच. हाक अशी शेपटापर्यंत जाते. आणि शेवटचा माणूस हाक देऊन वर म्हणतो, "मी शेवटचा!" म्हणजे पुढच्यांना कळतं, रांग पुरी आहे.

कुणी गळला, की मागून ओरड येते, "एक राहिला!" मग सगळे थांबतात आणि शेवटचा माणूस त्याला आणायला मागे जातो. काही झालं तरी जातो. हा नियम मॅलॅकीनेच केलेला. एकदा आमचा एक माणूस चार तास चरात पडून होता आणि आम्ही पुढे खानावळीत त्याच्या नावाने सूप पीत बसलो होतो, त्यानंतर.

तिघेच उरलो तरी हाका चालूच होत्या. सवय.

त्या दिवशी पिठाच्या रस्त्यावर जायचं, ही कल्पना माझी.

आमच्या पर्यटन समितीने तिथे नुकतीच तपकिरी पाटी लावली होती : ऐतिहासिक सायकल मार्ग. मी त्या रस्त्याची आयुष्यभर टिंगल केली होती. जिल्ह्यातला एकमेव प्रामाणिक रस्ता, कारण तो कुठेच जात नाही. १८४७च्या दुष्काळात, बटाट्याचं सगळं पीक कुजलं तेव्हा, सरकारने भुकेल्या माणसांकडून खडी फोडून घेतली आणि मजुरी म्हणून मक्याचं पीठ दिलं. रस्ता कुठे न्यायचा ते कुणी ठरवलं नव्हतं. माणसं संपली, तिथे रस्ता संपला. पुढे नुसती काळी दलदल.

रस्त्याच्या तोंडाशी राहणारी टिली गॅफ्नी तिथलं फाटक रंगवत होती.

"तिघंच? बाकीचे कुठे?"

"वर गेले, टिली," डोनी म्हणाला.

"डोंगरावर?"

"त्याच्याही वर."

"मग तुम्ही का मागे राहिलात, आळशांनो?" ती म्हणाली आणि पुन्हा रंगाला लागली.

आम्ही आत शिरलो.

दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दगडी भिंती. मध्ये गवताची पट्टी. अधूनमधून छप्पर नसलेली घरं. तीन किलोमीटर सरळ, मध्ये एकच वळण.

डोनी ओरडला, "खड्डा!"

"खड्डा!" मी.

"खड्डा! मी शेवटचा!" मॅलॅकी.

आणि मग...

"खड्डा!"

बारीक आवाज. लांबून.

"प्रतिध्वनी," मी म्हणालो.

"मग त्याने 'मी शेवटचा' का नाही म्हटलं?" डोनी म्हणाला.

आम्ही हसलो. तिघेही. मला हे नीट आठवतं, कारण त्यानंतर आम्ही तिघे एकत्र कधी हसलो नाही.

थोडं पुढे गेलो. पाखरं ओरडायची थांबली होती. कधी थांबली ते कळलंच नाही. ऐकू येत होती ती फक्त मॅलॅकीच्या सायकलच्या मागच्या चाकाची टिकटिक. तो पॅडल थांबवायचा तेव्हा ते चाक घड्याळासारखं वाजायचं.

"खड्डा!" डोनी.

"खड्डा!" मी.

"खड्डा!" मॅलॅकी.

मी वाट बघितली...

पुढचे शब्द आलेच नाहीत.

डोनी मान न वळवता ओरडला, "शेवटचा कोण?"

मॅलॅकी म्हणाला, "मी नाही."

मी मागे बघितलं. मॅलॅकी होता. त्याच्या मागे रिकामा रस्ता, ऊन आणि भिंती.

पण हाक चाललीच होती. "खड्डा..." मग त्याच्या मागे अजून कुणी, "खड्डा..." मग अजून कुणी. प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा बारीक. उपाशी माणूस हाकेला उत्तर देतो तसा. मी दहा मोजले. त्यापुढे मोजायचं धाडस झालं नाही.

कुणीच म्हणालं नाही, "मी शेवटचा."

वळण ओलांडलं, आणि मागून स्पष्ट आलं...

"एक राहिला!"

डोनीने ब्रेक मारला. आम्ही तिघे पाय टेकून उभे राहिलो.

"आपण तिघे," डोनी म्हणाला. "तिघेही इथेच आहोत. चला."

मॅलॅकी सायकल वळवत होता.

मी त्याचं हँडल धरलं. "अरे, मागे कुणी नव्हतं. मी बघितलं ना!"

"मग हाक कुणी दिली?"

"ते विचारायला जायची गरज नाही. अ‍ॅट्रॅक्टा मला सोलून काढेल."

"कोलमन, शेवटी कुणी ठेवलं मला?"

"मी."

"मग शेवटच्याचं काम करू दे. नियम माझाच आहे, आणि उद्या तू तो छापून माझी टर उडवशील." तो हसला. "पाच मिनिटं. चहा माझ्याकडेच आहे, पळून जाऊ नका."

मी हँडल सोडलं.

माझ्या या हाताने सोडलं.

तो वळणाआड गेला. टिकटिक ऐकू येत होती. मग बारीक झाली. मग...

थांबली.

"सापडला!" मॅलॅकीचा आवाज आला. खूश होता तो आवाज.

थोड्या वेळाने पुन्हा आला. या वेळी हळू.

"अरे... हा एकटा नाहीये."

त्यानंतर काही नाही.

आम्ही गेलो. वळणापासून पाचशे पावलांवर त्याची सायकल भिंतीला नीट टेकवलेली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. चहाचा थर्मास उघडा आणि कोरडा.

खिशात त्याने मनुका घातलेल्या पावाचा एक तुकडा आणला होता. अ‍ॅट्रॅक्टाने माझ्यादेखत कागदात बांधून दिलेला. तो कागद घडी करून भिंतीवर ठेवलेला होता. आणि भिंतीच्या माथ्यावर, प्रत्येक दगडावर, पावाचा एकेक कण. वाटणी केल्यासारखा. मी भिंतीच्या कडेने चालत गेलो. दगड संपत नव्हते, कण संपत नव्हते.

एका तुकड्याचे इतके तुकडे होत नाहीत.

टिली फाटकापाशीच होती. हातावर रंग.

"बाहेर कुणी आलं?"

"छे. बाहेर कुणी नाही." तिने ब्रश डब्यात ठेवला. "पण कोलमन, तुमच्या मागून पायी गेले, ते तुमच्या क्लबातलेच ना? फार वाळलेत रे सगळे."

पोलीस आले. गावातली माणसं नऊ दिवस दलदलीत काठ्या घालत होती. कुत्री तिसऱ्या घरापुढे जायला तयार नव्हती. काहीच मिळालं नाही.

त्याची सायकल मी हाताने ढकलत अ‍ॅट्रॅक्टाच्या दारी नेली. तिने सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कुठे ठेवलं होतंस त्याला?"

"शेवटी. वारा लागू नये म्हणून."

आत जाऊन तिने दोन कप मांडले. तिसरा माझ्यासाठी नंतर काढला.

आता वर्ष झालं. डोनीने सायकल विकली. मंगळवारी तो घराबाहेर पडत नाही.

गेल्या महिन्यात अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, "मला तिथे ने. तू सायकलवर जा, मी टिलीच्या फाटकाशी गाडीत बसते. तू हाक दे. बाकी काही नको."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिला नाही म्हणायचा हक्क माझ्याकडे उरला होता कुठे?

वळण ओलांडून एकटाच पुढे गेलो, मग वळलो. परत येताना, रस्त्याच्या तोंडाजवळ, फाटक नजरेच्या टप्प्यात असताना मी ओरडलो.

"खड्डा!"

मागे चाकाची टिकटिक सुरू झाली.

"खड्डा!"

त्याचाच आवाज. अगदी पाठीशी. पण बारीक झालेला. जेवण मिळत नसल्यासारखा. त्याच्या मागे दुसरा... त्याच्या मागे तिसरा...

आणि मग त्याच आवाजात, जोरात,

"एक राहिला!"

नियम आहे. थांबायचं. मागे जायचं.

मी थांबलो नाही. अडुसष्ट वर्षांच्या पायांत असेल नसेल तेवढा जोर काढून मी फाटकाबाहेर पडलो.

अ‍ॅट्रॅक्टाने गाडीची काच खाली केलेली होती.

"आला आवाज?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

तिने काच वर चढवली.

"मला आला," ती म्हणाली. "तू थांबला का नाहीस?"

मी सायकल गाडीच्या टपावर बांधायला लागलो.

काल ती माझ्या घरी आली होती. मॅलॅकीच्या सायकलची सीट खाली करून हवी होती तिला, स्वतःच्या उंचीला. मी पाना आणला. सीट खाली केली. ब्रेक तपासले, चाकांत हवा भरली. तिने आजवर कधी रस्त्यावर सायकल चालवलेली नाही. मंगळवारी जाऊ, म्हणाली. पावाची आख्खी लादी घेतलीय बरोबर, म्हणाली.

मी हो म्हणालो.

आज सोमवार आहे. सकाळपासून विचार करतोय, तिला पुढे ठेवू की शेवटी?