फिरवून घातलेले हातमोजे

सिग्ने घरात शिरली तेव्हा तिची आई आस्टा खिडकीशी बसून राय धान्याच्या काळ्या पावावर धुरी दिलेला हेरिंग मासा मांडत होती. वर कच्च्या अंड्याचा बलक, कांद्याच्या चकत्या. सारे नेहमीसारखेच होते. फक्त स्वेटर डाव्या खांद्यावरून खाली ओढलेला होता आणि तिथली कातडी पाण्याने फुगून पिवळसर चकाकत होती.

“चटका बसला असेल,” आस्टा म्हणाली.

“कशाचा?”

“म्हातारपणाचा. जेव आधी. कोपनहेगनला तुम्ही लोक नुसतं गवत खाता.”

सिग्नेने तो फोड ओळखला. प्रयोगशाळेत तिचे सारे आयुष्य अशाच फोडांच्या अभ्यासात चालले होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर या बॉर्नहोम बेटाच्या पूर्वेला, खोल समुद्रात, मस्टर्ड वायूचे बॉम्ब बुडवले गेले. त्यांची कवचे गंजली, आणि आतल्या विषाचे चिखलासारखे पिवळे गोळे अजूनही मच्छीमारांच्या जाळ्यांत येतात. गोळ्याला हात लागला तरी कित्येक तास काहीच जाणवत नाही. विष स्वतः कातडी सोलत नाही. ते आत जाऊन स्वस्थ बसते. मग शरीरातलीच एन्झाइम जागी होतात. एरवी जखमा सांधताना जुने आवरून नेणारी ती, आता वरच्या त्वचेला खालच्या त्वचेशी बांधणारे बारीक धागे कातरत सुटतात. दोन थर निमूटपणे विलग होतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरते. प्रयोगशाळेच्या अहवालात हे लिहिताना सिग्नेला दर वेळी आपले घर आठवे. वडील, व्हिलाड्स, समुद्रात गेले. देहही हाती लागला नाही. ती शहरात राहिली, आई इथे. मधे पाणी.

एन्झाइमच्या त्या कात्र्या रोखणारे, अजून बाजारात न आलेले मलम तिने सोबत आणले होते. ते तिने खांद्यावर लावले. मग वडिलांचे तेलकापडी कोट, बूट, दोर अंगणात काढून एकेक तपासले. यातल्याच कशात तरी विष मुरले असणार; ती वस्तू सापडली की जाळायची, नाहीतर आईला इथून हलवायचे. पण तपासणीच्या कागदाचा रंग कशानेच बदलला नाही. हातमोजे तेवढे कुठेच नव्हते.

दुसऱ्या सकाळी फोड ओसरला होता. आस्टा मात्र दिवसभर गप्प होती, कुणी भेटायचे राहून गेल्यासारखी.

वडिलांचा बोटीवरचा जोडीदार एगोन बंदरावर जाळे दुरुस्त करत होता.

“हातमोजे? ते त्याच्या हातातच गेले, पोरी. शेवटच्या ओढीला जाळ्यात पिवळा गोळा आला. आम्ही सगळे मागे सरकलो. व्हिलाड्सने सरळ उचलून फेकला. मी ओरडलो, मोजे फेक आधी! तर म्हणतो, आस्टाने नवे विणलेत, फिरवून घालतो की. जुन्या पद्धतीचे, दोन्ही कडांना अंगठे असलेले. एक बाजू खराब झाली की दुसरी. कंजूष कुठला!” एगोन हसला आणि हसता हसता थांबला. “दोन्ही फिरवून झाले होते. हात वर करून मला दाखवत होता. तेव्हाच लाट आली.”

पुढच्या सकाळी सिग्ने खाली आली तर आस्टा मोरीपाशी उभी राहून ओल्या फडक्याने खांदा पुसत होती.

“आई! मलम का पुसतेस?”

“रात्रीच पुसलं होतं, हे उरलंसुरलं. मलम लावलं की पहाटे तो येत नाही.”

“कोण?”

आस्टाने फडके पिळले.

“अशानं ही कातडी पुन्हा जुळायची नाही, आई. चल माझ्याबरोबर. आज दुपारची बोट आहे.”

“आणि तिकडे मी त्याला सापडणार कशी?”

सिग्नेने तिला खिडकीतल्या उजेडाकडे वळवले. फोड पुन्हा भरला होता, पहिल्यापेक्षा रेखीव. रुंद पंजा. बोटे एकत्र, लोकरीच्या मोज्यात असतात तशी. एका कडेला अंगठा.

दुसऱ्या कडेलाही अंगठा.

सिग्नेने आईचा खांदा सोडला.

“पहाटे तू वर माझ्या खोलीत आली होतीस?” सिग्नेने विचारले.

“मला जिना चढवतो का आता?”

अर्धवट झोपेत कुणीतरी तिचे मनगट धरले होते. ओली, खारट लोकर. लहानपणी वडील धक्क्यावर धरायचे तसे, घट्ट.

तिने बाही वर केली. मनगट कोरडे होते, स्वच्छ होते. दुखत नव्हते.

पहिले काही तास दुखत नाहीच.

मलमाची नळी टेबलावर उघडी पडली होती. सिग्नेने तिचे झाकण लावले, ती पिशवीत तळाशी ठेवली आणि आईशेजारी खुर्ची ओढून बसली.

दुपारी बोटीचा भोंगा वाजला, तेव्हा मनगटाला पहिली खाज सुटली.