मोबदल्याचा रकाना

“तुझा अर्धा हिस्सा तुला परत! यापुढं मला कुणाच्या उपकाराखाली राहायचं नाही…” धाकट्यानं कागद टेबलावर आपटला आणि टाइप करणारा ताईचा हात जागीच थबकला.

अकरा वर्षांनी भाऊ तिच्या दारात आला होता, तोही भांडायलाच! बाबा गेल्यावर त्याचा संसार उभा राहावा म्हणून, पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या या भावाला तिनं घरातला आपला हिस्सा हक्कसोडपत्रानं देऊन टाकला होता आणि स्वतः या भाड्याच्या दोन खोल्यांत आली होती. पुढच्या खोलीत लोकांचे दस्त लिहायचे, मागच्या खोलीत राहायचं. पण तो दस्त नोंदवला त्याच दिवसापासून धाकट्यानं तोंड फिरवलं, ते का, हे तिला आजवर उमगलं नव्हतं.

तिनं चष्मा लावला. बक्षीसपत्राचा मसुदा होता. मोबदल्याचा रकाना तेवढा रिकामा.

“इथं काय लिहू?”

“माझ्या वेळी लिहिलंस तेच. निरंक!” त्याचा आवाज चिरकला. “मोबदला म्हणजे काय गं, ताई?”

“अरबीतून आलेला शब्द आहे,” ती सवयीनं बोलून गेली; गिऱ्हाइकांना रोज हेच सांगायची. “मूळ अर्थ अदलाबदल. आपण जे दिलं त्याच्या बदल्यात काय मिळालं, ते इथं लिहायचं.”

“म्हणजे माझ्याकडून तुला काहीच मिळालं नाही! परक्यांच्या दस्तात ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ लिहितेस. सख्ख्या भावाची तेवढ्या चार शब्दांचीही लायकी नव्हती?”

ताईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अरे वेड्या, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावंडांसाठी मी ते वाक्य रोज टाइप करते! तुझ्या कागदावर ते घालायची मला लाज वाटली. म्हटलं, माझ्या भावाला हे लिहून सांगावं लागतं का?”

“लागतं गं…” तो खुर्चीत मटकन बसला. “मला लागत होतं.”

तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. हजारो दस्त बिनचूक लिहिणाऱ्या या बाईचा एकच रकाना चुकला होता, आणि त्यापायी दोघांची अकरा वर्षं हकनाक गेली होती!

“चुकलं रे माझं,” ती म्हणाली आणि तिनं त्याचा मसुदा उभा फाडला. “घर मात्र तुझंच. दिलं ते दिलं.”

त्यानं तिच्या हातावर कपाळ टेकलं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं दारातून डोकावून विचारलं, “बाई, माझा दस्त?”

“उद्या या,” ताई डोळे पुसत म्हणाली. “आज माझा भाऊ आलाय.”