चौथी चादर

हे खरं आहे. आधीच सांगून ठेवते, कारण या पेजवर दर दुसरी गोष्ट खरीच असते आणि खाली लोक हसण्याचे इमोजी टाकतात. टाका. मी दहावीत आहे, आणि खोटं लिहून इथे कुणी मला मार्क देणार नाहीये.

तुम्हाला वाटत असेल, भूत म्हणजे रात्रीचे दोन, लाइट गेलेली, लांब कुठेतरी कुत्रं रडतंय...

आमच्याकडे ते भर दुपारी सव्वातीनला आलं. शनिवारी. कुरियरने.

आणि मी सही करून घेतलं.

आमच्या घरात माणसं तीन. बाबा शाळेची बस चालवतात. आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, लॉन्ड्रीत सुपरवायझर आहे. एकोणीस वर्षं तिने लोकांच्या चादरी धुतल्यात. रक्त, औषधं, उलटी, आणि ज्याचं नाव जेवताना काढायचं नाही ते सगळं. ती म्हणते, "डाग घाबरलेला असतो गं. दमाने घेतलं की सुटतो." आणि तिसरी मी. गेल्या वर्षापर्यंत पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारी. यंदा वक्तृत्व स्पर्धेत माइक हातात आला, आणि बाबांच्या मते तेव्हापासून मी तो खाली ठेवलेलाच नाही.

आईने नऊ वर्षांत एकदाही चार दिवसांची सलग सुट्टी घेतली नव्हती. यंदा मिळाली. ती एवढंच म्हणाली, "मला समुद्र बघायचाय. बाकी काही नको."

मी म्हटलं, "प्लॅन मी करणार."

"तू?" बाबा म्हणाले. "तुला कोपऱ्यावर पाव आणायला पाठवलं तर तू दुकानदाराची मुलाखत घेऊन येतेस. पाव राहतो तिथेच."

"बाबा, बघाच तुम्ही."

"बघतो, मॅनेजरबाई."

मी आठवडाभर शोधलं. किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात बेटांचा एक पुंजका आहे. पडका किल्ला, जुनी जकातीची कचेरी, दगडी धक्का. मोठ्या बेटावरच्या हॉटेलांचे दर बघून मी फोनच उलटा ठेवला. पण सगळ्यात शेवटच्या छोट्या बेटावर एकच घर होतं. पूर्वी लांबून आलेल्या बोटी आधी तिथे थांबवायचे आणि आजारी माणसं उतरवून घ्यायचे, त्या दवाखान्याचंच आता पाहुण्यांसाठी घर केलेलं. मला तर हे भारीच वाटलं. ऐतिहासिक! आणि भाडं बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी.

मी फोन केला. स्वतः. आधीची मी असते तर बाबांच्या हातात फोन कोंबून पळाले असते.

"मावशी, एवढं स्वस्त कसं काय?"

बाईंचा आवाज थकलेला होता. "बेटावर गोडं पाणी नाही, बाळा. बोटीने येतं. धुणं परवडत नाही. म्हणून चादरी पाहुण्यांकडे आधी पाठवतो. तुम्ही धुवायच्या, येताना आणायच्या. तेवढे पैसे कमी."

चादरी धुवायच्या. आमच्या घरी! मला हसूच आलं.

"पण म्हणून एवढे कमी?" मी सोडते का.

फोनमध्ये मागे काहीतरी टपटपत होतं.

टप...

टप...

"तीन चादरी तुमच्या," त्या म्हणाल्या. "चौथीही येईल. सुतळीने बांधलेली. ती सोडायची नाही. धुवायची नाही. घरात कुठेतरी ठेवायची आणि तशीच परत आणायची. चालणार असेल तर या भावात देते."

"का पण?"

"ती थोडे दिवस बाहेर राहिली की इथे बरं असतं."

मी हो म्हटलं. मला त्या क्षणी फक्त एवढंच दिसत होतं की रूम मिळाली.

आणि हे मी आईला सांगितलं नाही. न धुतलेली चादर घरात ठेवायची म्हटल्यावर तिने सगळी सहलच रद्द केली असती. स्वच्छतेच्या बाबतीत आईपुढे देवाचंही चालायचं नाही.

तर शनिवारी, सव्वातीनला, गठ्ठा आला.

वर दोन चादरी, खाली एक. खारवलेल्या, कडक, कोरड्या ठणठणीत. मधे चौथी.

ती ओली होती.

बाहेरचं पुडकं कोरडं. वरची चादर कोरडी. खालची कोरडी. आणि मधली पिळली तर पेलाभर पाणी निघेल अशी.

वास कसा सांगू? फुलदाणीत आठवडाभर राहिलेलं पाणी. वर्गातल्या एकीचा हात मोडला होता, तिचं प्लॅस्टर काढलं तेव्हा आला होता तो वास. आणि या दोन्हींत मिसळलेलं काहीतरी गोड. ते गोड होतं ना, तेच जास्त वाईट होतं. जिभेवर बसत होतं.

मी दोन बोटांनी ती उचलून बाथरूमच्या कोपऱ्यात टाकली आणि तीनदा हात धुतले.

पाचला आई आली. चप्पल काढता काढता थांबली. नाक वर केलं.

"कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. का गं?"

"हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा वास आहे," ती म्हणाली आणि सरळ बाथरूमकडे गेली.

मी मागे धावले. "आई, ती चौथी जादाची आहे. राहू दे. तशीच परत द्यायचीय."

"का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. वाक्य अगदी ओठांवर होतं. स्टेजवर शंभर माणसांसमोर बोलणारी मी...

"असंच," मी म्हटलं.

"असंच? अशी घाण घरात ठेवून मी समुद्र बघायला जाऊ?" आणि तिने कात्रीने सुतळी कापली.

चादर फरशीवर पसरली.

डाग माणसाएवढा होता.

म्हणजे माणसासारखाच होता. डोकं, खांदा, कंबर, पोटाशी घेतलेले गुडघे. कुशीवर झोपलेला. मधे पिवळा, कडेला तपकिरी. त्या कडेने खपली धरली होती, जखमेवर धरते तशी. डोक्याच्या जागी आखूड पांढरे केस होते. चिकटलेले नव्हते, कापडात विणल्यासारखे आत गेले होते.

आईने एक धरून ओढला.

तो येत राहिला. बोटभर... वीतभर... हातभर...

शेवटी सुटला. टोकाला पांढरी गाठ होती. जिवंत कातडीतून केस उपटला की असते तशी.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "पाहुण्याला चहा विचारला का?" असं म्हणाले, मग एक श्वास आत घेतला आणि तोंडावर हात दाबून जे गॅलरीत गेले ते अर्धा तास आलेच नाहीत.

रविवारी आईने ती टबमध्ये भिजत घातली. तासाभराने पाण्यावर साय आली. खरंच साय, दुधावर येते तशी, सुरकुत्यांची. आईने ती हाताने काढली. हातमोजे न घालता.

"आई, शी! ग्लोव्ह्ज!"

"ग्लोव्ह्जने कळत नाही गं, डाग कुठे धरून बसलाय ते."

दुपारी मी बाहेरच्या खोलीत गणितं करत होते. बाथरूममधून आवाज आला.

घर्रर्र...

घशात कफ अडकल्यासारखा. मग कुणीतरी तो गिळला.

"आई, तू खोकलीस का?"

"नाही," आई म्हणाली. स्वयंपाकघरातून.

बाबा गाडी धुवायला खाली गेले होते. बाथरूममध्ये कोणीही नव्हतं.

संध्याकाळी चादर दोरीवर घातली. डाग होताच. पण गुडघे पोटाशी नव्हते.

पाय सरळ झाले होते.

"कापड आटलंय," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता. "मला आजवर एकाही डागाने हरवलेलं नाही."

तिची बोटं खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. ती सोमवारी तशीच होती. मंगळवारीही. बुधवारी आई चादर कामावर घेऊन गेली.

शाळा सुटल्यावर बाबांनी मला बसमधून हॉस्पिटलच्या मागच्या दारात सोडलं. तळघर म्हणजे नुसती वाफ. चाकांच्या ढकलगाड्या, गुडघाभर कपड्यांचे ढीग, भिंतीला लागून पाच मोठी मशीनं. ती कपडे टाकले की आधी वजन दाखवतात, म्हणजे किती पाणी घ्यायचं ते ठरतं. आई सगळ्यात मोठ्या मशीनसमोर उभी होती. तिने चादर आत टाकली आणि काचेचं गोल दार लावलं.

मशीनवाले काका आकड्याकडे बघत राहिले.

"ताई, एकच टाकलीत ना?"

"एकच."

"मग हे एकसष्ट किलो काय दाखवतंय?"

त्यांनी दार उघडलं. आत एकच चादर. दार लावलं.

एकसष्ट.

"बिघडलंय वाटतं. ताई, आज राहू द्या."

आईने बटण दाबलं.

पाणी भरलं. उकळत्या पाण्याचा प्रोग्रॅम होता. आधी फेस पांढरा, मग पिवळा, मग तपकिरी. आईने कपाळ काचेला टेकलं. हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी जवळ गेले.

"सुट... सुट ना... बास झालं आता, सुट..."

आणि आतून काचेला काहीतरी लागलं.

पांढरं. फुगलेलं. पाण्यात राहून कातडी सुटायला लागलेली टाच.

ती काचेवरून घसरत गेली. मागे चिकट पट्टा राहिला. तो पुढच्या फेरीत धुऊन निघाला.

मी तिथल्याच एका ढकलगाडीत ओकले.

मशीन थांबलं. आकडा सहाशे ग्रॅम. आईने चादर बाहेर काढून झटकली. पांढरीशुभ्र. एक ठिपका नाही. कसलाच वास नाही, साबणाचासुद्धा नाही.

"सुटला!" आई हसली. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती. "बघ, सुटला गं!"

तिचा ड्रेस मानेपासून खालपर्यंत ओला होता. पाण्याचा एक थेंबही बाहेर आला नव्हता.

मी बाहेर पळाले आणि बेटावरच्या बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"धुतली?" बाई म्हणाल्या.

"हो."

"डाग गेला? पूर्ण?"

"हो."

मग धावण्याचा आवाज. लाकडी जिना. एक दार करकरलं. मग काहीच नाही. पहिल्या फोनच्या वेळी मागे टपटप होती. आता तीही नव्हती.

"कोरडी आहे," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, कळेना. "खाट कोरडी आहे गं... तेहतीस वर्षांत पहिल्यांदा..."

"मावशी, म्हणजे काय?"

"तुम्ही आता येऊ नका. पैसे आजच परत पाठवते."

"पण माझ्या आईला समुद्र बघायचाय हो..."

"नको, बाळा. त्याला इथे परत आणू नका."

फोन कट. पैसे दहा मिनिटांत जमा झाले. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही.

आम्ही गेलो नाही. आईनेच नको म्हटलं. चारही दिवस ती झोपून होती. "दमलेय गं," एवढंच.

याला आता पाच महिने झाले. बाबा बाहेरच्या खोलीत झोपतात. पाठ दुखते म्हणतात, पण मी त्यांना सकाळी उशी नाकाशी धरून बघताना पाहिलंय. आई पलंगाच्या अगदी कडेला झोपते, पडेल की काय अशी. बाकीचा पलंग मोकळा सोडून. आमच्या सगळ्यांच्या आधी उठते आणि रोज पलंगावरची चादर धुते. दोरीवर ती वाळतच नाही.

बाईंनी चौथी चादर सोडू नका म्हणून सांगितलं होतं, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते. रोज तोंड उघडते आणि तो वास आत जातो. फुलदाणी. प्लॅस्टर. आणि ते गोड. माझ्या आईच्या अंगाला. जिच्या कुशीत मी आठवीपर्यंत झोपायचे, तिच्या शेजारी बसून मला जेवण जात नाही. ताट घेऊन मी उठते. ती बघते. लिहितानासुद्धा लाज वाटतेय मला.

काल मी जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आले. धावत घरी आले, ओरडतच. आई सोफ्यावर बसली होती. तिने हात पसरले.

मी श्वास रोखला आणि मिठी मारली.

तिची पाठ ओली होती. मी सोडलं नाही. मनात आकडे मोजत राहिले. बारा... तेरा... चौदा...

आई माझ्या कानाशी म्हणाली, "माझा वास येतो का गं?"

मी मान हलवली. नाही.

तिने सुटकेचा श्वास सोडला.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "त्याचाच येतो."

आणि सोफ्यावर थोडी बाजूला सरकली.